बैलाजवळ दिलेला निरोप

बायको गेल्यापासून मी देवाशी बोलत नाही. हे मी आमच्या चर्चच्या पाळकांना तोंडावर सांगितलं. पाळक तरुण आहेत, मनाने चांगले आहेत, मोटरसायकलवर येतात आणि आढेवेढे न घेता दोनदा चहा घेतात. मी बोललो ते ऐकून ते घाबरले नाहीत. म्हणाले, "काका, दुःखात असं होतं. तुम्ही एक करा. साक्ष लिहून काढा. काकूंनी विश्वासाच्या जोरावर वाईट दिवस कसे काढले, ते लिहा. लिहिता लिहिता बोलणं आपोआप सुरू होईल."

साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं, ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं. मी चाळीस वर्षं साक्षी ऐकत आलो. एका साच्यातून काढलेल्या छपरावरच्या कवेलूंसारख्या असतात. आधी दारू, मग आजार, मग प्रार्थना, मग सगळं ठीक आणि शेवटी डोळ्याला पदर. आमच्याकडे तसं काही घडलं नाही. दारू मी आधीही थोडीच पीत होतो आणि नंतरही एकदम सुटली नाही.

पाळकांना मात्र आमचं बंदीचं वर्ष ऐकून माहीत होतं. ते पुढे सरकून बसले. "गावाने तुम्हाला वाळीत टाकलं होतं ना? मग पाटलाच्या घरी कोणी आजारी पडलं असेल. सून अडली असेल. काकूंनी जाऊन प्रार्थना केली असेल."

मी म्हणालो, "पाटलाच्या घरी त्या वर्षी कोणाले साधी सर्दी नाई झाली. सारे ठणठणीत होते."

पाळकांचं तोंड उतरलं. त्यांची काही चूक नाही. चांगली साक्ष हातातून गेली.

तर चमत्कार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. एक नारळ आहे, पाणी आहे आणि एक बैल आहे.

आमचं गाव कुरखेड्याकडचं, जंगलाला लागून. धानाचा मुलूख. तेव्हा नुकताच आमचा जिल्हा वेगळा झाला होता. आम्ही जागचे हललो नाही आणि चांदा जिल्ह्यातून गडचिरोली जिल्ह्यात गेलो. त्याबद्दल गावात कोणी चिडलं नाही, कोणी पंच बसवले नाही. त्याच सुमारास आम्ही नवरा-बायकोने देव बदलला, तर गाव उलटं झालं. सरकारने बदललं तर चालते, आपण बदललं तर चालत नाही.

बायकोला क्षय झाला होता. तिला मी मिशनच्या दवाखान्यात नेऊन टाकलं, कारण तिथे ठेवून घेत होते. महिन्यांमागून महिने ती तिथे राहिली. सुया, गोळ्या, अंडी, दूध. एक फुफ्फुस कामातून गेलं, दुसरं वाचलं. तिथली एक म्हातारी नर्स संध्याकाळी खाटेवर बसून तिला वाचून दाखवायची. बायको परत आली ती अंगाने भरलेली आणि डोक्यात देव घेऊन. मी विचारलं, "तुले गोळ्यायनं बरं केलं का देवानं?"

ती म्हणाली, "गोळ्या कोणाच्या?"

 आयुष्यभर तिचं असंच होतं. मी दमदार प्रश्न विचारायचो आणि ती त्याला एक छोटा प्रश्न लावून परत पाठवायची.

मी ख्रिस्ती झालो ते काही समजून-उमजून झालो नाही. लेकरू नव्हतं, घरात दोघंच. दोघांत दोन देव म्हणजे रोजची कटकट, म्हणून मीही झालो. नदीत बाप्तिस्मा झाला तेव्हा लोक डोळे मिटून होते आणि मी अंगातल्या बंडीच्या खिशातलं विडीचं बंडल आठवून हळहळत होतो. पाण्यातून वर आलो तो पापातून मोकळा झालो म्हणे. विड्या मात्र गेल्या.

आता नारळाचं. आमच्याकडे धानाचं रोवणं सुरू व्हायच्या आधी माता मायच्या ठाण्यावर पूजा होते. घरटी एक नारळ, थोडे तांदूळ. पूजा झाली की सगळं गाव बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरते. माता मायशी माझं काही वाकडं नव्हतं. लहानपणी गोवर निघाला तेव्हा माझ्या मायने मला तिच्याच पायावर घातलं होतं आणि मी जगलो. पण त्या वर्षी बायकोने नारळ दिला नाही.

पाटलाने पंच बसवले. आम्हाला उभं केलं. पाटील वाईट माणूस नव्हता, फक्त पाटील होता. तो माझ्या बायकोला समजावून म्हणाला, "हे पाह्य बाई, तू फोडू नोको. नारळ आण, फोडतो आमी. तू तिकडे तोंड करून उभी राह्य."

बायको हात जोडून म्हणाली, "जेवणाले तांदूळ घ्या जी, पायलीभर. ठाणं झाडून, सारवून देतो आमी. नारळ तेवढा नाई."

"काऊन नाई?"

"तो माह्या मनातला नाई जी. मनात नाई ते हातात कसं धरू?"

झालं. निकाल लागला. यांच्याशी कोणी बोलायचं नाही. यांच्या रोवण्याला कोणी जायचं नाही. यांच्या हातचं घ्यायचं नाही, यांना द्यायचं नाही. जो मोडेल त्याचीही हीच गत. नारळ आणला की त्याच दिवशी सगळं माफ.

परत येताना बुद्धवस्तीतला एक म्हातारा रस्त्यावर भेटला. तो विडी काढून हसला. "आमाले बी असंच केलं होतं भाऊ, धम्म घेतला तवा. नारळ सुटता सुटता आमचे बाप मरून गेले. आता तुमचा नंबर. लायनीत राहा." मी म्हटलं, मग तुम्ही लोक तरी या आमच्या रोवण्याला. तो गंभीर झाला. त्यांच्यातल्या निम्म्यांची मजुरी पाटलाच्या बांधीत होती. "मनानं येतो," म्हणाला. मनाने आलेला माणूस धान रोवत नाही, पण मी त्याला तसं बोललो नाही.

ज्यांनी धान केलं नाही, त्यांना बंदीचं वजन कळणार नाही, म्हणून सांगतो. धानाचे पऱ्हे म्हणजे रोपं. ती एका कोपऱ्यात दाट उगवतात, मग उपटून चिखलात एकेक रोवावी लागतात. हे एकट्याचं काम नाही. आज सगळ्या बाया तुझ्या बांधीत, उद्या माझ्या. पऱ्हे वेळेत रोवले नाही तर जागेवरच म्हातारे होतात, त्यांना कांडी धरते, मग रोवले तरी फुटवा येत नाही. म्हणजे नारळ नाही तर हात नाही, हात नाही तर धान नाही, धान नाही तर वर्षभर काय खायचं ते त्या म्हाताऱ्या नर्सला विचारायला जा.

पंचांनी निकाल चांगला विचार करून दिला होता. फक्त एक बैल त्यांच्या ध्यानातून सुटला.

माझ्याकडे एकच बैल होता. पांढरा, एका कानाने फाटका. खालच्या बांधीवाला माझा शेजारी, त्याच्याकडेही एकच. आम्ही दोघं मिळून जोडी लावायचो. दोन दिवस त्याच्या बांधीत, दोन दिवस माझ्या. गावात असे पुष्कळ होते. पंचांनी माणसं तोडली आणि जोडी मधोमध फाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारी आमच्या कुडाच्या पलीकडे येऊन उभा राहिला. माझ्याकडे बघेना. बैलाकडे बघून म्हणाला, "काय गा, चिखल करायचा आहे आज. येतो काय?"

बैल रवंथ करत होता. मी काहीतरी तिखट बोलणार, तेवढ्यात बायको शेणाचा हात तसाच घेऊन आली आणि बैलाच्या पाठीवर थाप मारून त्यालाच म्हणाली, "जाय बाबा. दोन दिवस त्यायचं, मंग आपलं. ध्यानात ठेवजो."

"ध्यानात आहे म्हणा," शेजारी बैलाला म्हणाला आणि दावं सोडून घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी जोडी माझ्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जुंपलेली उभी. शेजारी पाठ करून दूर चालला होता. मी चिखल केला.

पाटलाच्या कानावर गेलंच. त्याने शेजाऱ्याला बोलावून विचारलं. शेजारी म्हणाला, "मी त्या लोकायशी एक शब्द नाई बोललो. बैलाशी बोललो. बैल काही किरिस्ताव नाई, त्याले कोणी नदीत बुडवलं नाई." पाटील बराच वेळ विचार करत राहिला म्हणे. पण निकालात बैल नव्हता.

तेव्हापासून गावाला तोंड सापडलं. ज्याला आम्हाला काही सांगायचं असेल तो बैलाला सांगायचा. त्या पावसाळ्यात त्या जनावराने जेवढं ऐकलं, तेवढं कोर्टातल्या कारकुनाने ऐकलं नसेल. शेजारी म्हणायचा, "तुया मालकाले सांग, डोकं ठिकाण्यावर आण म्हणा. एका नारळानं जीव जात नाई." मी म्हणायचो, "याले सांग, घरी बायकोले विचारून मंग दुसऱ्याले शिकव म्हणा." शेजाऱ्याची बायको पाण्याला जाताना बैलाशी थांबून म्हणायची, "बाईची तब्येत कशी आहे रे? खोकला वाढला वाटते." आणि माझी बायको आतून ओरडायची, "बरी आहे म्हणा!"

बैल सगळ्यांचं ऐकायचा आणि शेपटी हलवायचा.

मग पाऊस थांबला.

आभाळ असं कोरडं झालं की ढगसुद्धा बंदीत गेले असं वाटलं. चिखल वाळून त्याला भेगा पडायला लागल्या. ज्यांचं रोवणं झालं होतं त्यांची रोपं पिवळी पडली. ज्यांचं व्हायचं होतं त्यांचे पऱ्हे वाढत चालले. आमचे तर मांडीला लागत होते. आणि रोवायला माणसं किती? मी आणि ती. ती म्हणजे एका फुफ्फुसाची बाई.

एका दुपारी मी तिला म्हटलं, "एक नारळ आहे. फक्त नारळ. फोडून टाकू. तुया देवाले काय फरक पडते?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग तुमी एक करा. पलीकडच्या वस्तीतल्या कोण्या बाईले एक लुगडं घेऊन द्या. एकच लुगडं. मी तिकडे तोंड करून उभी राहीन."

मी नारळाचा विषय सोडला. लुगडं देण्यासारखी बाई वस्तीत होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

शेवटी गावाने तलावाचं पाणी सोडायचं ठरवलं. तलावाचं पाणी नहराने येते, पण नहर काही प्रत्येकाच्या दारात जात नाही. पहिल्या बांधीत पाणी भरते, मग तिच्या धुऱ्याला तोंड पाडून दुसऱ्या बांधीत सोडायचं, तिथून तिसऱ्या. असं एकाच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात उतरत जाते. वरून माझी बांधी दुसरी. माझ्या खाली शेजाऱ्याची. त्याच्या खाली अजून चारपाच जणांची. आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत मोठी, पाटलाची.

यांच्या हातचं काही घ्यायचं नाही, असा निकाल होता. आणि पाटलाचं सगळं पाणी माझ्या बांधीतून जाणार होतं. ही चूक आमच्याच गावचे पंच करू शकतात. रात्रंदिवस त्या पाण्यात उभे राहून राहून ते पाणी त्यांना दिसेनासंच झालं होतं.

मला मात्र दिसलं. पाणी आलं त्या सकाळी मी फावडं घेऊन धुऱ्यावर गेलो. माझी बांधी भरत होती. तोंडाशी उभा राहिलो. चार फावडी चिखल टाकला की काम झालं असतं. पाटील स्वतः आला असता, बैलाकडे न बघता माझ्याशी बोलला असता, आणि बंदी त्याच जागेवर उठली असती. नारळाशिवाय! यात माझं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. हिशेबाने बरोबर होतं.

पहिलं फावडं टाकलं तेवढ्यात ती आली. लुगड्याचा काचा मारला आणि सरळ धुऱ्याच्या तोंडात बसली. पाण्यातच. पाणी तिच्या दोन्ही बाजूंनी वाहू लागलं.

"उठ," मी म्हणालो.

"नाई उठत."

"अवं, यायनंच आपल्याले बंद केलं ना? आता आपण बंद केलं तर काय बिघडलं?"

"पाणी तुमी आणलं काय?"

"तलावातून आलं."

"तलावात कोठून आलं?"

"तुले माहीत आहे मले काय म्हणायचं ते!"

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "पाटलाले पाय धरायले लावायचं आहे तुमाले. पण पाटलाच्या बांधीत जायच्या आधी पाणी शेजाऱ्याच्या बांधीतून जाते. त्याचा बैल आपल्या जोडीले आहे. त्याचं धान वाळवून तुमी बोलचाल सुरू करसाल? अशी बोलचाल काय कामाची? पाऊस पाडताना देव धुरे पाहून पाडते काय, हा किरिस्ताव, हा हिंदू?"

"सध्या तर कोणावरच नाई पाडून राह्यला!" मी ओरडलो.

याच्यावर ती हसली. मग हसता हसता खोकली. बराच वेळ खोकली. कमरेएवढ्या गार पाण्यात बसून खोकत होती आणि जागची हलत नव्हती. मी फावडं उगारून उभा. खाली आपल्या बांधीत शेजारी उभा राहून सगळं बघत होता. त्याच्या पायाशी पाणी पोचलं होतं. तो माझ्याशी बोलू शकत नव्हता, तिच्याशी बोलू शकत नव्हता. बैल तिकडे बाभळीखाली बांधलेला. शेजारी घाईघाईने बाभळीकडे गेला आणि बैलाला ओरडून म्हणाला, "अरे, त्या बाईले सांग! पाण्यातून उठ म्हणा, छाती भरून येईल! आणि त्याले सांग, फावडं ठेव म्हणा, मूर्खा!"

मूर्खा मला का बैलाला, हे त्याने उघड केलं नाही.

ती उठली नाही. तिने तिथंच बसून डोळे मिटले आणि ओठ हलवायला लागली. प्रार्थना करत होती. मला वाटलं, माझी तक्रार चालली आहे. नंतर विचारलं तर म्हणाली, "तुमच्या हातात बळ दे म्हणून मांगत होतो." मी म्हटलं, "बंद करायले?" ती म्हणाली, "ठेवायले."

मी फावडं ठेवलं. देव दिसला म्हणून नाही. बायको पाण्यात खोकत बसली होती म्हणून. माझ्या साऱ्या धर्माचं मूळ तिथं आहे. पाळकांना आवडो न आवडो.

पाणी खाली गेलं. शेवटच्या बांधीत, पाटलाच्या, सगळ्यांत उशिरा पोचलं पण पोचलं. पाटलाने ते भरून घेतलं. निकालात पाणीही नव्हतं.

त्यानंतर आम्ही दोघं रोवायला उतरलो. मी उपटायचो, ती रोवायची. वाकून वाकून श्वास लागायचा तिला, मग धुऱ्यावर बसायची आणि परत उतरायची. गाणं मात्र सुरू. रोवण्याच्या गाण्यात एक बाई ओढते आणि बाकीच्या झेलतात. तिने सूर रोवण्याचाच घेतला होता, शब्द आपल्या देवाचे घातले होते. एकटीच ओढायची आणि जिथं बाकीच्यांनी झेलायचं, तिथं सवयीने थांबायची. तेवढा वेळ नुसता पाण्याचा आवाज. मग पुढचं ओढायची. मला ती थांबणं ऐकवत नसे.

एक दिवस ती अशीच थांबली आणि खालच्या बांधीतून आवाज आला. शेजाऱ्याच्या बांधीत दहाबारा बाया रोवत होत्या. त्यांतल्या एकीने, हात चिखलात आणि डोकं कुठं दुसरीकडे असेल, सवयीनेच झेललं. बाकीच्या खदाखदा हसल्या. "काय वो, बाटली काय तू?" कोणीतरी म्हणालं. पण बायकोने पुढचं ओढलं आणि या वेळी चारपाच जणींनी झेललं. शब्द त्यांना येत नव्हते, नुसता हुंकार भरत होत्या. गाणं म्हणजे काही बोलणं नाही. निकालात गाणं नव्हतं.

त्या संध्याकाळी शेजाऱ्याने आपले उरलेले पऱ्हे, कोवळे, वेळेवरचे, पेंड्या बांधून धुऱ्यावरून आमच्या बांधीत फेकले. एकामागून एक.  तो बैलाला म्हणाला, "उरले ते फेकून देऊन राह्यलो. कोणाले देत नाई."

रात्री जेवताना मी बायकोला म्हटलं, "पाह्य, शेजाऱ्यानं पऱ्हे देल्ले. तुया देवानं नाई."

ती म्हणाली, "शेजारी कोणाचा?"

आता साक्ष असती तर इथं सोन्यासारखं धान पिकलं असतं. नाही पिकलं. बांधीचा तिसरा भाग तसाच पडून राहिला, आमच्याने झालंच नाही. बाकीचं मध्यम आलं. त्या उन्हाळ्यात आम्ही कण्या आणि मोहफुलं शिजवून खाल्ली. ती जेवणाआधी कण्यांसाठीसुद्धा डोळे मिटून आभार मानायची. मी एकदा म्हटलं, कण्यांचे काय आभार, पुरा तांदूळ आला की मान. तिने डोळे न उघडता सांगितलं, "तुमी खा जी, थंड होऊन राह्यलं." तेव्हा मला राग यायचा. जगात सगळं हरलेला माणूस एवढा मोकळा कसा बसू शकते, ते मला समजत नव्हतं. हळूहळू एवढं समजलं, की घरात उपाशी दोघं होतो, पण घाबरलेला मी एकटाच होतो. आणि ती घाबरत नव्हती म्हणून मलाही रात्री झोप लागत होती. दुसऱ्याच्या विश्वासाच्या सावलीत झोपणं सोपं असते.

बंदी कोणी उठवली नाही. ती झिजून गेली. दोन वर्षांनी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली तेव्हा पाटील आमच्या अंगणात आला आणि सरळ माझ्याशी बोलला. "कसं काय भाऊ, बरं आहे ना?" बैल बाजूलाच उभा होता, पण त्याला मत नव्हतं.

बायकोने त्याला बसायला घोंगडं टाकलं आणि चहा दिला. आमच्या हातचा. तो प्याला. बशीत ओतून, फुंकून, सगळा.

ती त्यानंतर पुष्कळ जगली. एका फुफ्फुसावर एवढं जगली की मला वाटायला लागलं आता ती जात नाही, मीच आधी जाणार आणि ती माझ्यामागे व्यवस्थित प्रार्थना करणार. माझा तसाच बेत होता. गेल्या पावसाळ्यात तिची छाती भरली आणि या वेळी गोळ्या कोणाच्याही असोत, लागल्या नाही. पाळक म्हणाले, देवाची इच्छा. मी म्हटलं, बरं. मग माझीही इच्छा ऐका. आजपासून त्याची माझी बोलचाल बंद.

तिला आमच्याच बांधीच्या वरच्या टेकरावर पुरलं. गावात आमची वेगळी जागा नाही. तिथून ते धुऱ्याचं तोंड दिसते. मंडळीची माणसं गायली, पाळक बोलले, चांगलं बोलले. सगळे गेल्यावर शेजारी मागे राहिला. आता तो माझ्यापेक्षा म्हातारा दिसतो, कानाने कमी ऐकतो. काठी टेकवून मातीच्या ढिगाकडे बघत उभा राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं आणि जिच्याशी बोलायचं, तिच्याशी बोलता येत नव्हतं. मी पाहिलं, तो इकडेतिकडे बघत होता. काय शोधत होता ते मला कळलं. पण बैल मरून तीस वर्षं झाली. आता सगळीकडे ट्रॅक्टर.

मग त्याने माझ्या हातातल्या फावड्याकडे पाहिलं, ज्याने मी माती लोटली होती. त्याच्या दांड्यावर हात ठेवला.

"तिले सांगजो गा," तो फावड्याला म्हणाला, "पाणी पोचलं होतं म्हणा. शेवटपर्यंत पोचलं होतं."

आणि काठी टेकवत गेला.

तर पाळकसाहेब, ही तुमची साक्ष. वाचून दाखवायची असेल तर दाखवा, विडीचं आणि लुगड्याचं गाळून टाका. लिहिता लिहिता बोलणं सुरू होईल म्हणाले होते तुम्ही. नाही झालं. बंदी मी घातली आहे आणि अजून मी ती मोडली नाही.

फक्त संध्याकाळी बांधीवरून परतताना मी टेकराजवळ थांबतो. फावडं हातात असतेच. कोणी आजूबाजूला नाही असं बघून मी फावड्याला म्हणतो, "त्याले सांगजो. थंडी सुरू झाली म्हणा. तिची छाती पहिलेपासून कमजोर आहे, आणि शाल इथं घरीच खुंटीवर राह्यली. पाण्यात बसू देऊ नोको म्हणा. सांगितलं तरी ऐकत नाई ती, पण सांगून पाह्य म्हणा."

फावडं काही बोलत नाही. बैलही कधी बोलला नव्हता. निरोप मात्र सगळे पोचले होते.